औषधांच्या व्यापारातील खोटा प्रचार : आतला माणूस बोलतो तेव्हा

आपल्या समाजातील पुष्कळ घरांचा आता औषधांच्या व्यापाराशी संबंध येऊ लागला आहे. कोणाचे मेडिकल स्टोअर आहे, कोणी स्टॉकिस्ट आहे, तर कोणाचा मुलगा बी.एस्सी. किंवा बी.फार्म. होऊन, गळ्यात टाय बांधून, एम.आर. म्हणून दवाखान्यांचे उंबरे झिजवतो आहे. धंदा चांगला आहे व लोकांच्या उपयोगाचा आहे. परंतु या धंद्यात एक गोष्ट अशी आहे की जी कापडाच्या, लोखंडाच्या किंवा किराणा मालाच्या धंद्यात नाही. येथे माल पसंत करणारा वेगळा, त्याचे पैसे देणारा वेगळा आणि तो पोटात घेणारा वेगळा. गिऱ्हाईक माल पारखून घेऊ शकत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे लिहिले ते त्याला घ्यावेच लागते.

मध्यंतरी आमच्या परिचयातील एका दुकानदाराचा मुलगा आमच्याकडे आला होता. दोन वर्षांपासून तो एका कंपनीत एम.आर. आहे. कंपनीचे एक औषध ज्या आजारासाठी मंजूर आहे, त्याखेरीज आणखी दोन आजारांसाठी ते डॉक्टरांना ‘सुचवावे’ असे त्याच्या वरिष्ठांनी बैठकीत तोंडी सांगितले होते. कागदावर काहीच नव्हते. महिन्याचे टार्गेट मात्र कागदावर होते. तो म्हणाला, “चाचा, मी नुसता माल विकतोय की खोटं बोलतोय, तेच मला कळेना. बोलावं तर नोकरी जाईल. घरात पगार माझा एकट्याचाच आहे.”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही लगेच देऊ शकलो नाही. परंतु असाच प्रश्न अमेरिकेत १९९६ साली एका माणसापुढे उभा राहिला होता. त्याने काय केले, तेथील कायद्याने त्याला कसे बळ दिले आणि आपल्याकडे त्यातले काय आहे व काय नाही, हे समजून घेतले तर आमच्या वाचकांना उपयोग होईल असे वाटते. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

चार महिन्यांची नोकरी

डेव्हिड फ्रँकलिन हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. बोस्टन येथे हार्वर्डशी संलग्न असलेल्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेत ते संशोधन करीत होते. १९९६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पार्क-डेव्हिस या कंपनीत नोकरी धरली. हे नाव आपल्याकडील जुन्या औषध विक्रेत्यांनाही अपरिचित नाही. ही कंपनी त्या वेळी वॉर्नर-लॅम्बर्ट या मोठ्या कंपनीचा एक विभाग होती. फ्रँकलिन यांचे पद ‘मेडिकल लायझन’ म्हणजे डॉक्टर व कंपनी यांच्यातील शास्त्रीय दुवा असे होते. डॉक्टरांनी एखाद्या औषधाविषयी प्रश्न विचारला तर त्याचे निःपक्षपाती, शास्त्रशुद्ध उत्तर देणे, हे अशा माणसाचे काम समजले जाते.

प्रत्यक्षात त्यांना वेगळेच काम सांगण्यात आले. कंपनीचे न्यूरॉन्टिन नावाचे औषध होते. त्यातील मूळ द्रव्य गॅबापेन्टिन. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९३ च्या डिसेंबरमध्ये त्याला मंजुरी दिली होती, ती एकाच कामासाठी. फिट येणाऱ्या म्हणजे अपस्माराच्या रुग्णांना दुसऱ्या औषधाच्या जोडीला हे औषध द्यावे, एवढीच ती मंजुरी होती. अशा रुग्णांची संख्या मर्यादित, म्हणून विक्रीही मर्यादित. पेटंटची मुदत तर सरत चाललेली. नव्या आजारांसाठी रीतसर चाचण्या करून मंजुरी आणायची म्हटले तर त्यात वर्षे आणि पैसा दोन्ही जाणार. तेव्हा कंपनीने आडवाट धरली. अंगदुखी, अर्धशिशी, मनोविकार, मुलांचा चंचलपणा, दारू सोडवताना होणारा त्रास अशा नाना तक्रारींवर हे औषध चालते, असा प्रचार डॉक्टरांमध्ये सुरू झाला.

फ्रँकलिन यांनी जेमतेम चार महिने नोकरी केली आणि ती सोडली. पण सोडताना ते हात हलवीत बाहेर पडले नाहीत. वरिष्ठांनी टेलिफोनच्या ध्वनिपेटीत ठेवलेले निरोप त्यांनी जपून ठेवले होते. कोणत्या डॉक्टरांना काय सांगायचे, कसे सांगायचे, याच्या सूचना खुद्द वरिष्ठांच्या आवाजात त्यात होत्या. ते बोस्टनमधील वकील थॉमस ग्रीन यांना भेटले आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये तेथील संघीय न्यायालयात दावा दाखल झाला.

डॉक्टरांना मुभा, कंपनीला मनाई

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण याच ठिकाणी पुष्कळांचा घोटाळा होतो. एका आजारासाठी मंजूर झालेले औषध दुसऱ्या आजारासाठी देणे हा अमेरिकेत डॉक्टरांचा गुन्हा नाही. डॉक्टर आपल्या ज्ञानाच्या व अनुभवाच्या आधारे तसे लिहू शकतात, आणि काही वेळा त्याचा रुग्णाला फायदाही होतो. गुन्हा आहे तो कंपनीने तसा प्रचार करणे हा.

आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. एका कारागिराने दोर वळला व तो पन्नास किलो वजन पेलतो हे तपासून घेतले. गिऱ्हाइकाने तो घरी नेऊन त्याला शंभर किलो टांगले, तर ती त्याची जोखीम. परंतु शंभर किलोची तपासणी झालेली नसताना दुकानदारच जर म्हणाला, “खुशाल टांगा, काही होत नाही,” तर ते फसवून विकणे झाले. औषधाची मंजुरी म्हणजे ती तपासणी होय. कंपनीने तिच्यापलीकडे बोलायचे असेल तर आधी चाचणी करावी, पुरावा द्यावा आणि मग बोलावे.

न्यूरॉन्टिनच्या बाबतीत तर याहून वाईट घडले होते. फिट येणाऱ्या रुग्णाला हे औषध एकटे देऊन चालेल काय, अशी मंजुरी कंपनीने मागितली होती आणि औषध प्रशासनाने ती नाकारली होती. तरीही प्रचार चालूच राहिला. एका मनोविकारावर घेतलेल्या चाचणीत तर हे औषध आणि औषध नसलेली साधी गोळी यांत साध्या गोळीचाच परिणाम तितका किंवा अधिक चांगला दिसला होता. त्या आजारासाठीही प्रचार थांबला नाही. म्हणजे येथे पुराव्याचा अभाव होता एवढेच नव्हे, तर पुरावा उलटा असतानाही माल विकला जात होता.

प्रचाराच्या तऱ्हा

हे सारे कसे केले गेले, ते अमेरिकन सरकारने २००४ साली उघड केले. त्यातील मुख्य तऱ्हा अशा :

१) विक्रीसाठी नेमलेल्या माणसांना शास्त्रज्ञ म्हणून डॉक्टरांपुढे उभे करणे, म्हणजे डॉक्टर त्यांचे ऐकतील.

२) डॉक्टरांना ‘सल्लागार’ म्हणून बैठकीला बोलावणे. सल्ला कोणी विचारीत नसे. फ्लोरिडासारख्या ठिकाणची सहल, अटलांटा येथील १९९६ चे ऑलिंपिक सामने, वर मानधन, आणि मध्ये औषधाचे गुणगान करणारी भाषणे.

३) अशा सभांत श्रोत्यांमध्ये आपलीच माणसे बसवणे व त्यांच्याकडून ठरवून प्रश्न विचारून घेणे, म्हणजे उत्तरात नको तो प्रचार आपोआप होतो.

४) डॉक्टर रुग्ण तपासत असताना कंपनीच्या माणसाने शेजारी बसून राहावे यासाठी डॉक्टरांना पैसे देणे. आपल्याला काय झाले आहे हे रुग्ण विश्वासाने सांगतो आहे आणि ते ऐकायला विक्रेता बसला आहे, असा हा प्रकार.

५) कंपनीने पैसे देऊन दुसऱ्यांकडून लेख लिहून घेणे आणि ते डॉक्टरांच्या नावाने वैद्यकीय नियतकालिकांत छापून आणणे.

परिणाम काय झाला? १९९५ साली या औषधाची वर्षाची विक्री ९ कोटी ७५ लाख डॉलर होती. २००३ साली ती जवळजवळ २७० कोटी डॉलरवर गेली. आठ वर्षांत सत्तावीस पट! एवढी भरभराट फिट येणाऱ्या रुग्णांच्या जोरावर झालेली नव्हती, हे कोणीही सांगेल.

शॉडी कापडातून जन्मलेला कायदा

फ्रँकलिन यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला त्याचा इतिहास आमच्या यंत्रमागवाल्या व कापडवाल्या वाचकांना विशेष रुचेल. १८६१ साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. सैन्याला माल पुरवणाऱ्या काही ठेकेदारांनी हात धुऊन घेतले. लंगडी जनावरे, निकामी बंदुका आणि चिंध्या कुटून पुन्हा विणलेल्या लोकरीचे गणवेश सैन्याच्या माथी मारले गेले. अशा कापडाला ‘शॉडी’ म्हणतात. पानिपतच्या सुताचा व्यवहार करणाऱ्यांना हा शब्द आजही ठाऊक आहे. प्रामाणिकपणे बनवले आणि प्रामाणिकपणे सांगून विकले तर शॉडीचाही धंदा वाईट नाही. परंतु ते नवे लोकरीचे कापड म्हणून विकले गेले, पावसात त्याचे धागे सुटले, आणि इंग्रजीत ‘शॉडी’ या शब्दाचा अर्थच निकृष्ट असा होऊन बसला. एका मालाचे नाव खोट्या विक्रीने कायमचे खराब झाले.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या काळात, १८६३ साली, या लबाडीला आळा घालण्यासाठी कायदा झाला. सरकारला खोटे बिल लावून पैसे उकळणाऱ्याविरुद्ध कोणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो, आणि वसूल झालेल्या रकमेत त्याला वाटा मिळतो, हे त्याचे मर्म. आतली लबाडी आतल्या माणसालाच ठाऊक असते, तेव्हा त्यानेच पुढे यावे, असा त्यामागील हिशेब. १९८६ साली या कायद्याला नवी धार लावण्यात आली. नुकसानीच्या तिप्पट वसुली. सरकार दाव्यात सामील झाले तर तक्रारदाराला साधारणपणे १५ ते २५ टक्के वाटा. सरकार सामील झाले नाही व त्याने एकट्याने दावा जिंकला तर २५ ते ३० टक्के. सूड म्हणून नोकरीवरून काढले तर नोकरी परत आणि बुडालेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम.

आता औषधाच्या प्रचाराचा आणि सरकारला लावलेल्या खोट्या बिलाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो असा. अमेरिकेत गरिबांच्या औषधाचा खर्च सरकारी योजनेतून होतो. ही योजना फक्त मंजूर किंवा वैद्यकशास्त्राने मान्य केलेल्या उपयोगासाठीच पैसे देते. कंपनीच्या खोट्या प्रचारामुळे डॉक्टरांनी भलत्याच आजाराला औषध लिहिले, दुकानदाराने दिले आणि बिल सरकारकडे गेले. दुकानदार बिचारा निर्दोष. परंतु त्या खोट्या बिलाचे मूळ कंपनीच्या प्रचारात होते. फ्रँकलिन यांच्या वकिलांनी हाच धागा पकडला.

आठ वर्षांची वाट

असा दावा सुरुवातीला मोहोरबंद ठेवावा लागतो. सरकारी तपास होईपर्यंत त्याची वाच्यता करता येत नाही. कायद्यात मुदत साठ दिवसांची असली तरी ती वाढत जाते व वर्षे लोटतात. फ्रँकलिन यांना या काळात नोकरी शोधायची होती, संसार चालवायचा होता, आणि आपण काय केले आहे हे उघडपणे सांगण्याची सोय नव्हती. कंपनीने न्यायालयात म्हटले की असा प्रचार झाला असला तरी तो या कायद्याखाली येत नाही. न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी २००१ साली व पुन्हा २००३ साली दावा मोडीत काढण्यास नकार दिला. दरम्यान २००० साली फायझर या बलाढ्य कंपनीने वॉर्नर-लॅम्बर्ट विकत घेतली होती. तेव्हा हा वारसाही तिच्याकडे आला.

अखेर १३ मे २००४ रोजी निकाल लागला. वॉर्नर-लॅम्बर्टने गुन्हा कबूल केला व ४३ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्या वेळच्या भावाने हे एकोणीसशे कोटी रुपयांच्या आसपास होतात. त्यात २४ कोटी फौजदारी दंड आणि १९ कोटी दिवाणी भरपाई. फ्रँकलिन यांच्या वाट्याला सुमारे २ कोटी ४६ लाख डॉलर आले. पुढे २०१० साली बोस्टनच्याच ज्युरीने एका मोठ्या आरोग्य संस्थेच्या दाव्यात फायझरविरुद्ध कौल दिला व ही रक्कम तिप्पट होऊन १४ कोटी डॉलरच्या वर गेली.

एक खुलासा केलाच पाहिजे. गॅबापेन्टिन हे विष नव्हे. नागिणीनंतर राहणाऱ्या वेदनेसाठी त्याला २००२ साली अमेरिकेत रीतसर मंजुरी मिळाली, आणि डॉक्टर आजही ते योग्य रुग्णांना देतात. हा लेख वाचून कोणी ते आपल्या मनाने बंद करू नये. एकदम बंद केल्यास फिट येण्याचा धोका असतो. दोष औषधाचा नव्हता, त्याच्याविषयी बोललेल्या खोट्याचा होता.

एकदा पडलेली सवय

एवढ्या मोठ्या दंडाने कंपन्या शहाण्या झाल्या काय? नाही. न्यूरॉन्टिनच्या तडजोडीवर सह्या होत होत्या त्याच काळात फायझरच्या छत्राखाली बेक्स्ट्रा नावाच्या वेदनाशामक औषधाचा असाच प्रचार चालला होता. जॉन कोपचिन्स्की या विक्री प्रतिनिधीने त्याविरुद्ध दावा लावला. हे गृहस्थ पूर्वी सैन्यात होते व आखाती युद्धात लढले होते. २००३ साली कंपनीने त्यांना काढून टाकले. बेक्स्ट्रा २००५ साली बाजारातून मागे घेण्यात आले. २००९ च्या सप्टेंबरमध्ये २३० कोटी डॉलरची तडजोड झाली. कोपचिन्स्की यांना ५ कोटी १५ लाख डॉलर मिळाले, पण मधली सहा वर्षे त्यांनी पूर्वीच्या पगाराच्या निम्म्याहूनही कमी उत्पन्नात काढली होती. २०१२ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीला ३०० कोटी डॉलर भरावे लागले. तिच्यावरील आरोपांत नैराश्यावरील औषधाचा अठरा वर्षांखालील मुलांसाठी प्रचार हा एक होता. त्या मुलांसाठी औषधाला मंजुरीच नव्हती.

टीकाकार म्हणतात की कंपन्या असा दंड धंद्याचा खर्च म्हणूनच धरतात. शंभर कमवावे, दहा भरावेत. या म्हणण्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही आहे. हे दावे नसते तर ते दहाही भरले गेले नसते आणि डॉक्टरांना खरे कधी कळलेच नसते.

रॅनबॅक्सी : आपल्या दाराशी आलेले प्रकरण

आपल्या देशाशी थेट निगडित असलेले प्रकरण रॅनबॅक्सीचे. ते प्रचाराचे नसून खोट्या कागदपत्रांचे आहे, परंतु जात तीच. दिनेश ठाकूर हे भारतीय अभियंते अमेरिकेतील नोकरी सोडून २००३ साली या कंपनीत आले. २००४ साली वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांनी कंपनीच्या औषधांची कागदपत्रे तपासली, तेव्हा अनेक चाचण्यांचे आकडे बनावट असल्याचे दिसले. अहवाल संचालकांपर्यंत गेला. ठाकूर यांना २००५ साली नोकरी सोडावी लागली. त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवले व २००७ साली दावा लावला. १३ मे २०१३ रोजी, म्हणजे न्यूरॉन्टिनच्या निकालानंतर बरोबर नऊ वर्षांनी, रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ठाकूर यांना ४ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले. पुढे २०१५ साली ही कंपनी मुंबईच्या सन फार्मामध्ये विलीन झाली. एके काळी भारतातील सर्वांत मोठी गणली गेलेली औषध कंपनी अशा रीतीने नावासकट संपली. साख घडायला पन्नास वर्षे लागतात, जायला तेवढी लागत नाहीत.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी की भारतीय कंपनीतील लबाडी भारतीय माणसाने उघड केली, पण न्याय अमेरिकेत मिळाला.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे वाट अवघड आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गावाचा जागल्या रात्री जागा राहून हाळी देत असे, म्हणून आतली लबाडी उघड करणाऱ्याला मराठीत ‘जागल्या’ म्हणू लागले आहेत. अशा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेने मंजूर केला. परंतु त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे सुरूच झाली नाही, आणि तो मुळात सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचारापुरता आहे. खाजगी कंपनीतल्या एम.आर.ला त्याचा आधार नाही. वसुलीत वाटा देणारा अमेरिकेसारखा कायदा आपल्याकडे नाही.

मग आहे काय? तीन गोष्टी आहेत.

पहिली, २०१३ चा कंपनी कायदा. त्याच्या कलम १७७ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत, तसेच लोकांच्या ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचे पन्नास कोटींहून अधिक कर्ज असलेल्या कंपनीत, नोकरांच्या तक्रारीसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी लागते. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये ही तिची अट आहे.

दुसरी, औषधांच्या विक्रीची आचारसंहिता. २०१५ ची संहिता ऐच्छिक होती. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या अखिल भारतीय महासंघाने स्वतःच सर्वोच्च न्यायालयात जाऊन तिला कायद्याचे बळ द्यावे अशी मागणी केली, हे नोंद घेण्याजोगे आहे. म्हणजे ज्यांच्याकडून हा प्रचार करवून घेतला जातो त्यांनीच तो थांबवा म्हणून दार ठोठावले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने नवी संहिता जाहीर केली. मंजुरीबाहेरचा प्रचार नको, डॉक्टरांना भेटी व सहली नकोत, फुकट सॅम्पलच्या किमतीला वर्षाच्या देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांची मर्यादा, असे तिचे स्वरूप आहे. परंतु तिच्यामागे फौजदारी शिक्षेचे बळ नाही आणि तक्रारीचा निवाडा कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्या करतात.

तिसरी गोष्ट व्यापाऱ्यांनी खास ध्यानात ठेवावी. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. उदय लळित व न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने एपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात निकाल दिला. या कंपनीने आपल्या औषधाच्या प्रसारासाठी डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा पावणेपाच कोटींच्या आसपासचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून दाखवला होता. न्यायालयाने तो अमान्य केला. जे घेणे डॉक्टरांना नियमाने मना आहे, ते देण्याचा खर्च हा कायदेशीर खर्च नव्हे, असा त्याचा मथितार्थ. भेटवस्तूंची किंमत शेवटी औषधाच्या किमतीतूनच वसूल होते व ती रुग्णाच्या खिशातून जाते, हेही न्यायालयाने दाखवून दिले.

व्यावहारिक सूचना

या साऱ्यातून आमच्या वाचकांसाठी काही गोष्टी निघतात.

दुकानदारांनी मंजुरीबाहेरच्या दाव्यांची पत्रके काउंटरवर ठेवू नयेत. एखाद्या औषधाची मागणी एकाएकी वाढली व सगळ्या चिठ्ठ्या एकाच दवाखान्याच्या असतील, तर डॉक्टरांना सभ्यपणे विचारावे. स्टॉकिस्टांनी कंपनीच्या सांगण्यावरून डॉक्टरांच्या ‘भेटी’ आपल्या वहीतून पास करून देऊ नयेत. उद्या आयकर खात्यापुढे वही तुमची असेल, कंपनीची नव्हे.

एम.आर. मंडळींनी तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण व बोलणे आपल्या डायरीत लिहून ठेवावे. वरिष्ठांना शक्य तर लेखी विचारावे, “हा उपयोग मंजूर आहे काय?” एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ बैठकांचा सूर बदलतो. आपल्या कामानिमित्त हाती आलेले कागद जपावेत. दुसऱ्याच्या टेबलावरचे उचलू नयेत. रुग्णांची नावे बाहेर काढू नयेत. रागाच्या भरात वर्तमानपत्राकडे धावण्याआधी वकिलाचा व आपल्या संघटनेचा सल्ला घ्यावा. एकटे पडू नये. आणि बक्षिसाच्या आशेने तर हे काम करूच नये, कारण आपल्याकडे बक्षीस नाही. तेथेही ते आठ-आठ वर्षांनी मिळाले.

मग आमच्याकडे आलेल्या त्या मुलाला काय सांगितले? आम्ही त्याला आधी म्हटले की बाबा, तुझा प्रश्न खरा आहे व तो तुला पडला हीच मोठी गोष्ट. मग हे सारे सांगितले. नोकरी सोड असे आम्ही म्हटले नाही, कारण त्याच्या घरची चूल आमच्या सल्ल्यावर पेटत नाही. त्याने आपल्या वरिष्ठांना लेखी विचारले. उत्तर आले नाही, परंतु पुढच्या बैठकीत ते दोन आजार कोणी उच्चारले नाहीत. त्याचे टार्गेट मात्र कमी झालेले नाही, आणि तो आता दुसरी नोकरी शोधतो आहे.

मालातला ऐब सांगून माल विकावा, ही शिकवण आपल्याला बापजाद्यांपासून मिळालेली आहे. ताग्यातला फाटका भाग दाखवून भाव कमी करणारा दुकानदार आपल्या बाजारात आजही सापडतो, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच परत येते. औषधाच्या ताग्यातला फाटका भाग गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो ज्याला दिसतो त्याने दाखवला पाहिजे. त्याच्या पाठीशी कायदा उभा राहील तेव्हा राहील. तोवर निदान त्याच्या घरच्यांनी, शेजाऱ्यांनी व धंद्यातल्या बांधवांनी तरी उभे राहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.